उल्का तापते एका कारणानं, फुटते दुसऱ्याच

प्रश्न थोडक्यात असा आलाय: डिसेंबरच्या मध्यात गोव्यात काणकोणला, आगोंदच्या किनाऱ्यावर रात्री दोनच्या सुमाराला उत्तरेकडे एक हिरवट गोळा दिसला, दोन-तीन सेकंद राहिला, शेवटी त्याचे तुकडे झाले, आवाज काही नाही. शाळेत शिकलो की उल्का हवेच्या घर्षणानं जळते, आता सगळे व्हिडिओत सांगतात की घर्षण-बिर्षण काही नाही, हवा दाबली जाते म्हणून तापते. खरं काय? आणि हवेसारख्या मऊ गोष्टीनं दगड फुटतो कसा? वर पोराला सांग्याकडे डोंगरावर एक काळा जड दगड सापडलाय, तो त्यातलाच तर नसेल?

मी फिजिक्स शिकवत आलोय आणि फोंड्याला घराच्या गच्चीवर ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी पट्टी) लावलेला कॅमेरा चालवतो, म्हणजे उल्का दिसली की तिचा स्पेक्ट्रम, तिच्या प्रकाशातल्या रंगांच्या रेघा, पण मिळतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर डिसेंबरात येतो. (ऑगस्टात कोणी विचारत नाही. पर्सिड्सच्या वेळेला गोव्यात आभाळच दिसत नाही, आपल्यासाठी तो वर्षाव कॅलेंडरवरच.)

आधी घर्षणाचं बघू. शाळेतलं उत्तर चुकीचं आहे हे खरं, पण व्हिडिओतलं उत्तर पण अर्धंच खरं आहे आणि ते तुम्ही पाहिलेल्यासारख्या बहुतेक उल्कांना लागूच पडत नाही.

हवा दाबली जायला आधी हवा ही सलग वस्तू असल्यासारखी वागायला पाहिजे, म्हणजे एक रेणू दुसऱ्याला आदळून, तो तिसऱ्याला आदळून दाब पुढं जायला पाहिजे. आपल्या उंचीवर एक रेणू दुसऱ्याला आदळायच्या आधी मिलिमीटरच्या साधारण चौदा हजाराव्या भागाएवढं अंतर जातो, म्हणजे काहीच नाही. पण १०० किलोमीटर उंचीवर हेच अंतर वीतभर होतं. आता रात्री दिसणारी नेहमीची उल्का म्हणजे वाळूच्या कणापासून वाटाण्याएवढा खडा, फार तर. वाटाण्याच्या पुढं हवेची भिंत कशी तयार होणार, जर रेणूरेणूंमध्ये वीतभर जागा असेल? तिथं दाबलेली हवा नाही, शॉक वेव्ह नाही, घासणं तर नाहीच. तिथं एकेक रेणू सरळ येऊन दगडावर आदळतो, बस.

आणि आदळतो म्हणजे कसा. जेमिनिड्सचा, म्हणजे डिसेंबरातल्या उल्कावर्षावाचा, वेग सेकंदाला ३५ किलोमीटर. त्या वेगानं येणाऱ्या दगडाला नायट्रोजनचा एक रेणू लागतो तेव्हा त्या एका धडकेत साधारण १८० इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं माप) ऊर्जा असते. त्या रेणूचे दोन अणू एकमेकांना धरून आहेत ते जेमतेम १० इलेक्ट्रॉन व्होल्टनं, आणि दगडातले अणू तर त्याहून ढिले बसलेले. म्हणजे प्रत्येक धडक अणू उखडून काढायला पुरून उरते. असे अगणित रेणू सेकंदाच्या आत लागले की वरचा थर वितळतो, उकळतो, वाफ होऊन निघून जातो, खालचा थर उघडा पडतो, मग त्याची पाळी.

एक हिशोब कागदावर करून बघा. एक ग्रॅमचा खडा ३५ किलोमीटर वेगानं म्हणजे सहा लाख ज्यूलच्या वर ऊर्जा. एक टनाची गाडी ताशी १२६ किलोमीटरनं जात असताना तिच्यात जेवढी असते तेवढीच, वस्तुमान दहा लाखांनी कमी पण वेग हजारांनी जास्त, वर्ग केला की बरोबर जुळतं. आणि तो ग्रॅमभर दगड पूर्ण वाफ करायला लागतात सात-आठ हजार ज्यूल. म्हणजे जवळच्या ऊर्जेच्या एक-दोन टक्क्यांतच काम तमाम! दुसऱ्या बाजूनं बघितलं तर त्या खड्याला संपायला स्वतःच्या वजनाच्या एक-दोन टक्के एवढीच हवा वाटेत लागावी लागते. ८० किलोमीटर उंचीच्या वर जी काही उरलीसुरली हवा आहे ती तेवढ्याला जवळजवळ पुरते, आणि म्हणूनच बहुतेक उल्का ८०-९० किलोमीटरच्या आसपास विझतात. याच्यातली गंमत अशी की ती फारशी हळू झालेलीच नसते. लोक म्हणतात हवेनं ब्रेक लागला आणि जळाली, पण छोटी उल्का ब्रेक लागायच्या आधीच संपते, हवेत तिचा वेग जायला वेळच मिळत नाही.

अगदीच बारीक धूळ, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान, ती मात्र वाचते. तिचं वजन कमी आणि पृष्ठभाग त्या मानानं मोठा, त्यामुळे वरच्या वर थांबते आणि आलेली उष्णता लगेच बाहेर फेकून देते. ती मग तरंगत खाली येते, आपल्या सगळ्यांच्या कौलांवर असणार.

आता मोठा दगड घ्या, फुटबॉलएवढा किंवा त्याच्या वर, आणि तो ७०-६० किलोमीटरच्या खाली आला असं धरा. इथं हवा दाट व्हायला लागते, रेणूंमधलं अंतर दगडाच्या मापापेक्षा खूपच कमी होतं (या दोन मापांच्या गुणोत्तराला नुडसेन नंबर म्हणतात, सगळी भानगड त्याच्यावर ठरते), आणि इथं व्हिडिओवाले बरोबर आहेत. हवेत आवाज सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास जातो, दगड त्याच्या साठ-सत्तर ते शंभर पट वेगानं येतोय, पुढच्या हवेला बाजूला व्हायला सवडच नाही. ती दगडासमोर गोळा होते, दाबली जाते, शॉक वेव्ह तयार होते आणि तिच्या मागच्या पातळ थरात तापमान दहा हजार अंशांच्या पुढं जातं. दगड मुख्यतः त्या थराच्या प्रकाशानं आणि उष्णतेनं भाजला जातो. कडेनं वाहणाऱ्या हवेचं घर्षण आहे, शून्य नाहीये, पण हिशोबात किरकोळ.

तर रेणूंच्या सुट्या धडका की दाबलेली हवा याचं उत्तर दगडाच्या मापावर आणि उंचीवर अवलंबून आहे. आगोंदला जे दिसलं ते सुरुवातीला पहिल्या प्रकारचं आणि, बऱ्यापैकी मोठं असेल तर, शेवटाकडे दुसऱ्या प्रकाराकडे झुकलेलं.

हे झालं तापण्याचं. आता फुटण्याचं, आणि माझ्या मते लोकांचा खरा घोटाळा इथं आहे, कारण सगळ्यांना वाटतं की दगड तापला, आतून भडकला आणि फुटला. तसं होत नाही. दगड उष्णतेचा फार वाईट वाहक आहे, उष्णता पहिल्या सेकंदात मिलिमीटरभर आत शिरते, दहा सेकंदांत तीन-चार मिलिमीटर, आणि तेवढ्यात तो वरचा थर वाफ होऊन उडूनही गेलेला असतो. म्हणजे बाहेर नरक आणि अर्ध्या बोटावर आत अवकाशातला गारठा तसाच. खडा अगदी लहान असेल तर उष्णतेच्या ताणानं तडकू शकतो, पण हातात मावणार नाही एवढ्या दगडाला फोडणारी गोष्ट उष्णता नाही, दाब आहे. समोरच्या तोंडावर हवेचा प्रचंड दाब, पाठीमागे जवळजवळ पोकळी, या दोघांत तो चिरडला जातो.

हा दाब काढायला सोपा आहे, हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग. सेकंदाला २० किलोमीटर वेग धरला तर ४५ किलोमीटर उंचीवर साधारण ०.८ मेगापास्कल येतो, म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाच्या आठ पट. ३० किलोमीटरवर ७ मेगापास्कल, सत्तर पट. घरं बांधणाऱ्यांना हे आकडे कळतील, एम-२० काँक्रीट म्हणजे २० मेगापास्कल. तेव्हा तुम्ही म्हणाल ७ मध्ये दगड फुटायला नको, आणि प्रयोगशाळेत अशनीचा (जमिनीपर्यंत पोचलेल्या उल्केच्या दगडाचा) तुकडा दाबून बघितला तर तो एम-२० काँक्रीटपेक्षा मजबूत निघतो, काही तर १०० मेगापास्कलच्या वर जातात. तरी आकाशात दगड फुटतात ते एक ते पाच मेगापास्कलला, कधी त्याच्या पण खाली. का?

कारण तो दगड अखंड नाहीये. लघुग्रहांच्या पट्ट्यात कोट्यवधी वर्षं एकमेकांवर आदळून आदळून त्याला आधीच तडे गेलेत. प्रयोगशाळेत पोचतो तो तुकडा म्हणजे सगळ्या तड्यांवर फुटून फुटून शेवटी उरलेला मजबूत गाभा, त्याच्यावरून आख्ख्या दगडाची ताकद काढणं चूकच. आणि दगड जितका मोठा तितका त्याच्यात एखादा मोठा तडा असायची शक्यता जास्त, म्हणजे मोठे दगड लहानांपेक्षा कमकुवत. हे ऐकायला उलटं वाटतं पण आकडे तसंच सांगतात.

रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ ला आला तो दगड साधारण २० मीटरचा, बारा हजार टनांच्या आसपास, वेग १९ किलोमीटर, अगदी तिरका, क्षितिजाशी १८ अंशांत. ४५ किलोमीटर उंचीच्या आसपास त्याचे मोठे तुकडे व्हायला लागले, ३० किलोमीटरवर तो सगळ्यात जास्त उजळला, आणि एकूण ऊर्जा निघाली साधारण ५०० किलोटन टीएनटी या स्फोटकाएवढी. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. प्रकाश दिसला म्हणून लोक खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि मिनीट-दोन मिनिटांनी धक्का पोचला. एवढ्या सगळ्यातून उरलेला सर्वात मोठा तुकडा साडेसहाशे किलोचा, तो चेबारकुल तळ्यातून त्याच वर्षी ऑक्टोबरात काढला. बारा हजार टनांतून साडेसहाशे किलो! बाकी जवळजवळ सगळं धूळ आणि वाफ.

मग प्रश्न असा की नुसता फुटला तर स्फोट कशाला व्हायला पाहिजे. त्याच्यात दारूगोळा नाही, जळण्यासारखं काही नाही. इथं आपल्या चिऱ्याचं उदाहरण घ्या. आख्खा चिरा विहिरीत टाकला तर धबक्कन तळाला जातो, तोच चिरा ठेचून भुगा करून टाकला तर भुगा वरच्या वर अडतो, कारण पाण्याला आता कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळाला. दगड फुटला की तेच होतं, तुकडे बाजूला पसरतात, हवेला अडवायला जास्त क्षेत्रफळ मिळतं, म्हणून दाब अजून वाढतो, म्हणून तुकड्यांचे तुकडे होतात, त्यानं क्षेत्रफळ अजून वाढतं, आणि ही साखळी एकदा सुटली की दहा-वीस किलोमीटरच्या वेगातली सगळी ऊर्जा काही किलोमीटरच्या वाटेत, सेकंदाच्या आत-बाहेर हवेत ओतली जाते. टीएनटीच्या एका किलोत सव्वाचार मेगाज्यूल असतात, २० किलोमीटर वेगाच्या एक किलो दगडात २०० मेगाज्यूल. मग तो दगड आहे की बॉम्ब याला काही अर्थ राहत नाही. १९९३ साली क्रिस्टोफर चायबा या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच हिशोब तुंगुस्काला लावला आणि दाखवलं की ३० जून १९०८ ला सैबेरियात दोन हजार चौरस किलोमीटरवरची झाडं आडवी करून एकही विवर न ठेवणं हे दगडी लघुग्रहाला शक्य आहे, वेगळं काही कारण शोधायला नको.

लोखंडी असेल तर गोष्ट वेगळी. लोखंडाचा तुकडा दाबाला जास्त टिकतो, म्हणून खालपर्यंत येतो आणि खड्डे पाडतो, १२ फेब्रुवारी १९४७ ला रशियाच्या पूर्वेला सिखोटे-अलिनमध्ये झालं तसं. पण नियम म्हणून हे पक्कं धरू नका, पेरूमध्ये करांकासला १५ सप्टेंबर २००७ ला एका दगडी अशनीनं १३ मीटरचा खड्डा पाडला आणि सगळ्या मॉडेलवाल्यांना डोकं खाजवायला लावलं. आणि उलट बाजूला २००८ टीसी-३ हा लघुग्रह, चार मीटरचा, आदळायच्या वीस तास आधी सापडलेला, सुदानच्या वाळवंटावर ७ ऑक्टोबर २००८ ला ३७ किलोमीटर उंचीवरच फुटून गेला आणि मागे हातात मावतील असे तुकडे ठेवले.

तुमचा हिरवा गोळा. डिसेंबरचा मध्य म्हणजे १३-१४ तारखेला जेमिनिड्स, फेथॉन नावाच्या ३२०० नंबरच्या लघुग्रहातून सुटलेले कण. दोनच्या सुमाराला मिथुन राशी, जेमिनिड्स जिथून येताना दिसतात ती, गोव्यात डोक्याच्या जवळपासच असते, त्यामुळे वेळ जुळते. तिथून आला नसेल तर एखादा एकटादुकटा दगड, दिशा नीट आठवत असेल तर मागे रेघ ओढून बघा, मिथुनेत गेली तर जेमिनिड. धूमकेतूंच्या कणांच्या मानानं जेमिनिड्स घट्ट असतात, म्हणून जास्त खाली येतात आणि शेवटी ठसठशीत तुकडे होतात. उलट ड्रॅकोनिड्स या दुसऱ्या वर्षावातले कण इतके भुसभुशीत की हवा लागली न लागली तोवर विस्कटतात.

रंग हा दगड तापून लाल-पिवळा होतो तसला नाही. दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळा दगडातून निघालेल्या वाफेचा, चार-पाच हजार अंशांवर चमकणाऱ्या अणूंचा. मॅग्नेशियम ५१८ नॅनोमीटरवर हिरवा देतो, सोडियम ५८९ वर पिवळा-केशरी, रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचाच, लोखंडाच्या तर ढीगभर रेघा. माझ्या कॅमेऱ्यात सोडियमची रेघ बऱ्याचदा आधी दिसायला लागते आणि आधी संपते, कारण सोडियम सहज उडून जातो, मॅग्नेशियम शेवटपर्यंत राहतो. फार वेगवान उल्कांच्या मागे हवेतल्या ऑक्सिजनचा पण एक हिरवा पट्टा राहतो, ५५७.७ नॅनोमीटरचा. हिरवा म्हणजे निकेल असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते मला तरी पटत नाही, माझ्या पाहण्यात हिरव्याचं काम जास्त करून मॅग्नेशियमच करतं.

आवाज न येणं साहजिकच आहे. क्षितिजापासून ३० अंशांवर दिसला असेल आणि उंची ८० किलोमीटर धरली तर तो आगोंदहून सरळ रेषेत १६० किलोमीटरवर होता, म्हणजे साधारण कणकवलीच्या डोक्यावर! आवाज यायला नऊ मिनिटं लागली असती, आणि एवढ्या विरळ हवेतून काही पोचतही नाही. आवाज येण्यासाठी दगड बराच खाली, ५० किलोमीटरच्या आत यावा लागतो आणि तुम्ही जवळ असावं लागतं. पुढच्या वेळी मोठा गोळा दिसला तर घड्याळ बघा आणि दहा मिनिटं गप्प थांबा, फोन नंतर करा. प्रकाश आणि आवाज यांच्यातले सेकंद मोजले की अंतर तिथंच कळतं, सेकंदाला ३०० मीटर धरून. आणि ‘त्या डोंगराच्या मागे पडला’ असं जे वाटतं ते जवळजवळ नेहमी खोटं असतं.

गोळा हळूहळू, मिनीटभर सरकत गेला आणि तुकड्यांची माळ झाली, तर ती उल्काच नव्हे. रॉकेटचे तुकडे खाली येतात ते सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत, म्हणून निवांत चाललेले दिसतात. २ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्रभर लोकांनी उल्का म्हणून जे शूट केलं तो चिनी रॉकेटचा भाग होता, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे लाडबोरीला धातूचं मोठं कडं येऊन पडलं होतं.

आता पोराचा दगड. सांगे म्हटल्यावर माझी पहिली शंका खनिजावरच जाते. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे हा सगळा आपला खाणींचा पट्टा, तिथं काळा आणि जड दगड सापडणं यात नवल काय, रिवणच्या बाजूला तर मँगनीज पण आहे. टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर दगड जोरात घासा. तांबडी-तपकिरी रेघ उमटली तर हेमाटाइट हे लोहखनिज, काळी उमटली तर मॅग्नेटाइट किंवा मँगनीज. ताजी अशनी सहसा रेघ ओढत नाही, फार तर फिकट करडी. भोकं-भोकं, बुडबुडे असतील तर जांभा किंवा भट्टीची राख-मळी, अशनीत तसले बुडबुडे जवळजवळ नसतात. लोहचुंबक बहुतेक अशनींना चिकटतं पण मॅग्नेटाइटला पण चिकटतं, आणि जयपूरजवळ मुकुंदपुराला ६ जून २०१७ ला पडलेल्यासारख्या कार्बनवाल्या अशनींत धातू फारच कमी असतो, तेव्हा चुंबक हा पुरावा नाही, नुसता इशारा. खरी अशनी असेल तर बाहेरून मिलिमीटरपेक्षा पातळ, मंद काळी साल, आत फिकट रंग आणि धातूचे बारीक ठिपके. साल एवढी पातळ का ते वर आलंच आहे, उष्णता आत शिरतच नाही. म्हणूनच ‘उचलायला गेलो तर हात भाजला, गवत पेटलं होतं’ असल्या गोष्टींवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. दगडाचा वेग सेकंदाला तीनेक किलोमीटरच्या खाली गेला की तो चमकायचा थांबतो, ते होतं साधारण १५-२० किलोमीटर उंचीवर, आणि तिथून पुढं तो थंडगार हवेतून नुसता पडत येतो, दोन-चार मिनिटं, शेवटी ताशी दोन-तीनशे किलोमीटरनं. तोपर्यंत साल निवलेली असते.

रेघेच्या परीक्षेत तांबडं आलं तर पोराला सांगा की हे गोव्याचं खनिज आहे, शोकेसमध्ये ठेव. काही उमटलं नाही, साल पातळ आणि काळी असेल, भोकं नसतील, तर धुऊ नका, ग्राइंडर लावू नका, कोरड्या पिशवीत ठेवा, सापडला ती जागा फोनवर मार्क करा, वजन करा आणि बाजूला नाणं ठेवून चारी बाजूंनी फोटो काढा. भारतात पडलेल्या अशनी सांभाळायचं काम जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे आहे, कोलकात्याला त्यांचा संग्रह आहे, तिथं कळवायचं. पण आधी टाइल शोधा.